विश्लेषण : 'बाई' म्हणजे मान की काम? नॉर्वेतला एक शब्द आणि हिंजवडीतली एक हाक

सकाळी साडेआठची वेळ. हिंजवडीतल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीचे गेट. कार घेऊन ऑफिसला निघालेल्या महिलेला सुरक्षारक्षक 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणतो. तिच्या मागोमाग चालत आत येणाऱ्या दुसऱ्या महिलेला तोच रक्षक विचारतो, 'मावशी, कोणता फ्लॅट?' गेटवरच्या ॲपमध्ये या दुसऱ्या महिलेची नोंद 'मेड' अशी आहे. आणि त्याच वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, 'आज आमची बाई आली नाही. कोणाची बाई दोन तास येऊ शकेल का?'

या मेसेजमध्ये कोणालाच काही खटकत नाही. पण शिवाजीनगरहून हिंजवडीला येताना वाटेत जे विद्यापीठ लागते, त्याच्या नावातही हाच शब्द आहे : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पंधरा-वीस किलोमीटरच्या एका प्रवासात 'बाई' हा शब्द मानाच्या जागेवरून भांड्यांच्या सिंकपर्यंत येतो. तो इतका खाली कसा उतरला? आणि हे फक्त मराठीतच झाले का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते समजून घ्यायला आधी जरा लांब, नॉर्वेत जावे लागेल. तिथल्या एका शब्दाचा प्रवास 'बाई'शी चकित करण्याइतका जुळतो.

नॉर्वेतला तो शब्द कोणता?

शब्द आहे 'शेरिंग'. (स्पेलिंग 'क'पासून सुरू होते, पण उच्चार साधारण असा.) नॉर्वेची राजधानी ऑस्लोमध्ये एखाद्या महिलेला 'शेरिंग' म्हटले, तर ती नक्की चिडेल. तिथे त्याचा अर्थ कजाग, कटकटी, म्हातारी बया असा होतो.

पण त्याच देशाच्या उत्तर भागात एखादा मच्छीमार आपल्या बायकोची ओळख करून देताना हाच शब्द वापरतो. 'ही माझी शेरिंग', म्हणजे 'ही माझी बायको'. त्यात राग नाही, टोमणा नाही. उत्तरेतल्या बोडो शहराच्या जवळ एक जुने व्यापारी ठाणे आहे, त्याचे नावच 'शेरिंगोय'. 'ओय' म्हणजे बेट. एकच देश, एकच भाषा, एकच शब्द. पण कोण बोलतो आणि कुठे बोलतो यावर त्याची किंमत ठरते.

या शब्दाचे मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या 'केर्लिंग' या शब्दात आहे. तो 'कार्ल' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप. 'कार्ल' म्हणजे पुरुष, साधा पण स्वतंत्र माणूस. म्हणजे 'केर्लिंग'चा मूळ अर्थही 'बाईमाणूस', विशेषतः वयस्कर बाई, एवढाच होता.

पुढे या जोडीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'कार्ल' हे राजांचे नाव झाले. इंग्रजीतले 'चार्ल्स' आणि इतिहासाच्या पुस्तकातला सम्राट 'शार्लमेन' हे त्याचेच अवतार. पोलिश आणि इतर काही स्लाव्ह भाषांमध्ये तर याच सम्राटाच्या नावावरून 'राजा'साठी शब्द तयार झाला. त्याची जोडीदारीण 'केर्लिंग' मात्र घसरत घसरत शिवीपर्यंत पोहोचली.

नॉर्वेत 'प्रवाहाविरुद्धची शेरिंग' नावाची एक लोककथा प्रसिद्ध आहे. नवरा म्हणतो, शेतातले पीक विळ्याने कापू. बायको म्हणते, नाही, कात्रीने कातरू. वाद विकोपाला जातो आणि नवरा तिला नदीत बुडवतो. बुडतानाही ती पाण्याबाहेर बोटे काढून कात्रीची खूण करत राहते. नंतर तो तिचा देह प्रवाहाच्या दिशेने शोधतो, पण सापडत नाही. सापडतो तो उलट बाजूला, वरच्या अंगाला! कथा रचणाऱ्यांना बाईच्या हट्टाची थट्टा करायची होती. आज मात्र व्यवस्थेच्या विरोधात ठाम उभ्या राहणाऱ्या महिलेचे कौतुक करतानाही नॉर्वेत हेच शब्द वापरले जातात.

मग नॉर्वेत 'स्त्री'ला साधा शब्द काय?

'क्विने'. आणि हा शब्द आपला लांबचा नातेवाईक आहे.

भाषाशास्त्रज्ञांच्या मते युरोपातल्या बहुतेक भाषा आणि संस्कृत, फारसी या एकाच प्राचीन भाषेच्या लेकी. त्या भाषेत स्त्रीसाठी जो मूळ शब्द होता, त्याचा पहिला आवाज 'ग्व' असा होता. जर्मन-नॉर्वेजियन-इंग्रजी घराण्यात 'ग'चा 'क' झाला. परीकथांमुळे माहीत असलेल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे आवाज-बदल नियमाच्या रूपात मांडले. त्याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. आपला 'गो' म्हणजे गाय, इंग्रजीत 'काऊ'. आपला 'जानु' म्हणजे गुडघा, नॉर्वेजियनमध्ये 'क्ने'.

त्याच नियमाने एका मूळ शब्दाची ही पिलावळ तयार झाली :

- नॉर्वेजियन 'क्विने' : स्त्री
- इंग्रजी 'क्वीन' : राणी
- ग्रीक 'गिने' : स्त्री. 'गायनॅकॉलॉजिस्ट'मधला 'गायनॅक' इथूनच आला.
- फारसी 'झन' : स्त्री. मराठीतला 'जनाना' आणि 'जनानखाना' याच शब्दावरून.
- वैदिक संस्कृत 'जनि' आणि 'ग्ना' : स्त्री, पत्नी, देवपत्नी

(एक सावधगिरी : 'जननी' हा शब्द यात येत नाही. तो 'जन्म देणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आला आहे.)

इंग्रजीत तर या एका मुळापासून दोन जुळे शब्द निघाले. दोन्हींचा उच्चार आज सारखाच, स्पेलिंगमध्ये फक्त एका अक्षराचा फरक. एक 'क्वीन' राजवाड्यात गेली. दुसरीचा अर्थ आधी 'बाई', मग 'उनाड बाई' आणि शेवटी 'वेश्या' असा झाला.

'बायको'चे कोडे

जुन्या नॉर्समध्ये स्त्रीला 'कोना' म्हणत. 'स्त्रियांचे' असे अनेकवचनी रूप करताना त्याचे 'क्वेन्ना' किंवा 'क्विन्ना' होई. पुढे या बदललेल्या रूपातूनच 'स्त्री' या अर्थाचा आजचा 'क्विने' शब्द तयार झाला. मूळचा 'कोना' आज नॉर्वेत 'कूने' म्हणून उरला आहे आणि त्याचा रोजचा अर्थ आहे 'बायको'.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे 'बायको' म्हणजे पत्नी. पण 'बायकोमाणूस' म्हणताना कोणाची तरी पत्नी अभिप्रेत नसते, फक्त स्त्री असते. अनेकवचनात तर फरकच पुसला जातो. 'बसमध्ये बायका उभ्या होत्या' या वाक्यातल्या बायका कोणाच्याही असू शकतात किंवा कोणाच्याही नसू शकतात. संतसाहित्यात भेटणारा 'बाईल' हा शब्दही पत्नीसाठीच. त्यावरून पुरुषाला 'बायल्या' ही शिवी तयार झाली. उलट, शूर स्त्रीचे कौतुक करायला आपण 'मर्दानी' शोधून काढले.

नॉर्वे असो की महाराष्ट्र, 'स्त्री' या शब्दाला लवकरच 'कोणाची?' हा प्रश्न चिकटतो.

'बाई' हा शब्द आला कुठून?

'क्विने'सारखी लांबलचक वंशावळ 'बाई'ला नाही. हा शब्द ग्रंथांपेक्षा घरातल्या हाकेतला वाटतो. आई, माई, ताई, बाई हे शब्द एका दमात म्हणून पाहा. ओठ मिटून उघडले किंवा जीभ दातांना लावून सोडली की झाले. लहान मूल सगळ्यात आधी असेच आवाज काढते आणि मोठी माणसे त्यात नात्यांचे अर्थ शोधतात. जगभर आई-वडिलांसाठीचे शब्द इतके सारखे का, याचे हेच उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोब्सन यांनी १९६० च्या सुमारास दिले होते.

'बाई' एकट्या मराठीची नाही. गुजराती, राजस्थानी, कोंकणी, हिंदी या भाषांतही ती आहे. मीराबाई राजस्थानच्या. मराठीत तेराव्या शतकात मुक्ताबाई आणि जनाबाई, सतराव्या शतकात जिजाबाई आणि संत बहिणाबाई, अठराव्या शतकात अहिल्याबाई, एकोणिसाव्या शतकात राणी लक्ष्मीबाई. यात संत आहेत, राजमाता आहेत, राज्यकर्त्या आहेत आणि नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईही आहेत. म्हणजे हा प्रत्यय दरबार आणि जाते असा भेद करत नव्हता. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ यांनी केलेल्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही 'बाई' हा स्त्रियांसाठी आदराने वापरायचा शब्द म्हणून नोंदला आहे.

मराठी स्त्रियांच्या आधुनिक इतिहासाची पहिली पानेही याच प्रत्ययाने भरली आहेत. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले, 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई, १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे. 'अगंबाई' म्हणून आपण आश्चर्य व्यक्त करतो, 'बाई गं' म्हणून कळ सोसतो. मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक घरांत आजही थोरल्या बहिणीला किंवा आजीला 'बाई'च म्हणतात.

मग घसरण कुठे झाली?

तीन ठिकाणी. आणि तिन्ही ठिकाणी आधी परिस्थिती बदलली, मग शब्द.

पहिले ठिकाण, गाण्याची बैठक. शास्त्रीय गायिकांच्या नावांमागे 'बाई' असे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल. पण कोठीवर गाणाऱ्या स्त्रियांनाही उत्तरेत 'बाई'च म्हणत. विसाव्या शतकात 'घरंदाज' आणि 'गाणारी' अशी भिंत उभी राहिली, तेव्हा हा प्रत्यय संशयित झाला. अख्तरीबाई फैजाबादी या पुढे बेगम अख्तर झाल्या. महाराष्ट्रात तर हा बदल एकाच घरात दिसतो. आई मोगूबाई, मुलगी मात्र सगळ्यांची 'किशोरीताई'. गाणे तेच, घराणे तेच, प्रत्यय बदलला.

गंमत अशी, की १९७७ मध्ये 'नासा'ने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात भारतीय संगीताची निवड म्हणून केसरबाईंचे गाणे आहे. माणसाने बनवलेल्या सगळ्यात दूर गेलेल्या वस्तूवर आवाज आहे तो एका 'बाई'चा.

दुसरे ठिकाण, शाळा. मराठी शाळेत शिक्षिका म्हणजे 'बाई'. 'बाईंनी सांगितलंय' हे घरातले अंतिम वाक्य असे. इंग्रजी माध्यम आले तशी 'बाईं'ची जागा 'मिस', 'टीचर' आणि 'मॅडम' यांनी घेतली. 'बाई' म्हटले की आदर आठवावा, असे रोजचे कारण मुलांच्या आयुष्यातून गेले.

तिसरे ठिकाण, घर. 'कामाची बाई', 'पोळ्यांची बाई', 'भांड्याची बाई' असे म्हणता म्हणता पुढचे विशेषण गळाले आणि नुसती 'बाई' उरली. शिक्षिका मॅडम झाली, गायिका ताई झाली, ऑफिसातली सहकारी नुसत्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यांना दुसरे काही म्हणायची कोणाला गरज वाटली नाही, त्यांच्यापुरता हा शब्द शिल्लक राहिला.

एकदा शब्दाला काम चिकटले, की मान द्यायचा असेल तेव्हा लोक दुसरा शब्द शोधतात. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला नाव दिले गेले ते 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर' असे. 'अहिल्याबाई' नाही. जिजाबाईंना आता बहुतेक जण 'जिजाऊ' म्हणतात, सावित्रीबाईंना 'सावित्रीमाई'. देवी, आऊ, माई हे सगळे प्रेमाचे आणि मानाचेच शब्द. पण 'बाई' पुरेसे वाटेनासे झाले, हेही त्यातून कळते. अपवाद आहेत : गोरेगावच्या पाणीप्रश्नावर लढणाऱ्या मृणाल गोरे यांना लोकांनीच 'पाणीवाली बाई' म्हटले आणि ती पदवी ठरली.

असे स्त्रियांच्याच शब्दांचे का होते?

शब्दाचा अर्थ खालावण्याला मराठी भाषाशास्त्रात 'अर्थापकर्ष' म्हणतात. तो कोणत्याही शब्दाचा होऊ शकतो. पण १९७५ मध्ये अमेरिकी अभ्यासक म्युरिएल शुल्झ यांनी इंग्रजी शब्दांचा इतिहास तपासून दाखवले, की स्त्रियांसाठीचे साधे, अगदी मानाचेही शब्द पुन्हा पुन्हा घसरत जातात, तसे पुरुषांच्या शब्दांचे होत नाही. 'मास्टर' म्हणजे निष्णात. त्याचीच जोडी असलेली 'मिस्ट्रेस' म्हणजे विवाहित पुरुषाची प्रेयसी. 'हाउसवाइफ' या शब्दाच्या जुन्या रूपातूनच 'उनाड बाई' या अर्थाचा इंग्रजी शब्द निघाला.

मराठीत अशा जोड्या शोधायला फार लांब जावे लागत नाही. 'कलावंत' म्हटले की मान उंचावते, 'कलावंतीण' म्हटले की भुवया. 'भवानी' आणि 'महामाया' ही देवीची नावे. पण घरात कोणी 'आली बघा भवानी' म्हणाले, तर ती आरती नसते. 'बया'चेही तेच.

कारण शब्दांत नाही, व्यवहारात आहे. ज्या माणसांच्या कामाला समाज कमी किंमत देतो, त्यांच्यासाठी वापरलेला प्रत्येक शब्द काही वर्षांत तीच किंमत अंगावर घेतो. ऑस्लोतल्या वरच्या थरातल्या मंडळींना 'शेरिंग' हा गावाकडचा, अडाणी शब्द वाटला, म्हणून तो खाली गेला. उत्तरेत मासे सुकवणाऱ्या, घर चालवणाऱ्या स्त्रीला कोणी कमी लेखले नाही, म्हणून तिथे तो टिकला.

'मॅडम' आणि 'मेड' तरी कुठल्या?

हिंजवडीच्या गेटवर भेटलेल्या दोन इंग्रजी शब्दांची गोष्टही इथे सांगायला हवी. 'मॅडम' हा शब्द फ्रेंचमधल्या 'मा दाम'वरून आला, म्हणजे 'माझी बाईसाहेब'. त्याच्या मुळाशी लॅटिन 'डोमिना' आहे, अर्थ : घराची मालकीण. 'डोमस' म्हणजे घर. नॉर्वेतही 'दामे' हा बाईसाठी रोजचा शब्द आहे, तो इथूनच.

आता 'डोमेस्टिक हेल्प' हा शब्द पाहा. त्यातले 'डोमेस्टिक'ही त्याच 'डोमस'मधून आलेले. म्हणजे कार घेऊन बाहेर पडणारी 'मॅडम' आणि चालत आत येणारी 'डोमेस्टिक हेल्प' या दोघी शब्दकोशात एकाच घरात राहतात.

'मेड' हे 'मेडन' या शब्दाचे छोटे रूप. अर्थ, लग्न न झालेली मुलगी. पन्नाशीच्या, नातवंडे असलेल्या महिलेची नोंद ॲपमध्ये 'मेड' अशी करताना आपण तिला नेमके काय म्हणतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुण्याने एक शब्द स्वतः निवडला होता

हिंजवडीतल्या मेसेजमधल्या 'बाई'ला पुण्यातच एक पर्याय चार दशकांपूर्वी मिळाला होता. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या महिलांनी पगारवाढ आणि आजारपणाची रजा मागत काम बंद केले. त्यातून 'पुणे शहर मोलकरीण संघटना' उभी राहिली.

नावातला 'मोलकरीण' हा शब्द आज अनेकांना उद्धट वाटतो. पण त्याची फोड करून पाहा. 'मोल' म्हणजे मूल्य, किंमत. जी मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. ती मावशी नाही, उपकार करायला आलेली नाही आणि उपकार घ्यायलाही नाही. तिच्या कामाला किंमत आहे, हे त्या शब्दातच लिहिले आहे. रजा आणि पगार मागणाऱ्या महिलांनी आपल्या संघटनेच्या नावात 'मोल' घ्यावे, हे म्हणूनच चपखल होते.

कायद्याने पुढे 'घरेलू कामगार' हा शब्द आणला. 'महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम' २००८ चा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र करार (क्रमांक १८९) मंजूर केला आणि घरकाम हेही 'काम' आहे हे जागतिक पातळीवर लिहून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी कायदेशीर चौकट तयार करण्याचा विचार करावा, त्यासाठी समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले.

नॉर्वेही या रस्त्याने गेला आहे. तिथे घरकाम करणारीला आधी 'सेवेतली पोरगी' अशा अर्थाचा शब्द होता. पुढे 'हूसयेल्प', म्हणजे घरकामातली मदतनीस, हा शब्द रुळला. पण नॉर्वे शब्दावर थांबला नाही. १९४८ मध्ये तिथे याच शब्दाच्या नावाने घरकामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा झाला.

शब्द बदलला की मान मिळतो?

महाराष्ट्राने याचा प्रयोग अलीकडेच पाहिला. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' (गं. भा.) हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्याची सूचना केली. त्यावर टीका झाली आणि असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने शब्दाला हात न लावता ठराव केला होता : पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद. या ठरावाचे राज्यभर स्वागत झाले आणि सरकारने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. एका बाजूला नवा शब्द, दुसऱ्या बाजूला नवा व्यवहार. लोकांनी काय उचलून धरले, हे समोर आहे.

म्हणून शब्द निरर्थक ठरत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. स्त्रियांबद्दलचे साचेबद्ध शब्द टाळून कोणते वापरावेत, याची यादी त्यात आहे. निकालातला शब्द निकालाची दिशा ठरवू शकतो, हे तिथे मान्य केले आहे.

प्रश्न नात्याच्या शब्दांचाही आहे. अंगणवाडी ताई, आशा ताई, लाडकी बहीण, कामाच्या मावशी. हे शब्द जवळीक आणतात, हे खरे. पण मावशीला आठवड्याची सुट्टी कोण लिहून देते? ताईच्या पगारवाढीची तारीख कोण ठरवते? 'तुम्ही घरातल्याच आहात' हे वाक्य अनेकदा दिवाळीच्या बोनसच्या आधी नाही, तर त्याऐवजी येते.

मग म्हणायचे काय?

याचे एकच बरोबर उत्तर नाही, पण काही साध्या गोष्टी आहेत.

- नाव विचारा. महिनोन्‌महिने घराची किल्ली जिच्याकडे असते, तिचे पूर्ण नाव माहीत नसणे हे 'बाई' म्हणण्यापेक्षा मोठे वैगुण्य आहे.
- तिलाच विचारा. कोणाला 'ताई' आवडते, कोणाला 'मावशी' म्हटलेले वय वाढवल्यासारखे वाटते. मराठवाड्यातून आलेल्या एखादीला नावापुढचे 'बाई' घरच्यासारखे वाटू शकते.
- 'बाई' नावानंतर येऊ द्या, नावाऐवजी नको. 'सुमनबाई आल्या नाहीत' आणि 'बाई आली नाही' या दोन वाक्यांत क्रियापदही बदलते. 'आल्या' आणि 'आली'. मराठीत मान क्रियापदात राहतो.
- नोंद नीट करा. सोसायटीच्या यादीत 'मेड, टॉवर सी' याऐवजी नाव आणि काम : 'स्वयंपाक', 'साफसफाई'.
- मोल ठरवा. सुट्ट्या, आजारपणाची रजा, वर्षाची पगारवाढ आधीच बोलून घ्या. शब्द काहीही वापरा, तो टिकतो या पायावरच.

'शेरिंग' अजून पूर्ण बुडालेली नाही. नॉर्वेच्या उत्तरेत ती बायको आहे, दक्षिणेत शिवी आणि लोककथेत प्रवाहाविरुद्ध पोहणारी. 'बाई'ही तशीच आहे. विद्यापीठाच्या पाटीवर ती आहे, अंतराळयानातल्या तबकडीवर आहे आणि हिंजवडीतल्या ग्रुपवर सकाळी साडेआठच्या मेसेजमध्येही आहे. तो मेसेज 'आज सुमनबाई सुट्टीवर आहेत' असा लिहायला अक्षरे फार जास्त लागत नाहीत. त्यासाठी सुट्टी मात्र खरोखर द्यावी लागते.